हरवलेला ऱ आणि आपल्या कॉलेजातले कॉम्प्युटर

गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीच्या मंडळाचे सेक्रेटरी काका एक पेनड्राइव्ह घेऊन पडवीत आले. मंडळ म्हणजे कोकणात सगळीकडे असतं तसंच, निम्मे मेंबर गावात, निम्मे मुंबईत, मे मधे सगळे एकत्र येतात, पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी मिटिंग. काका म्हणाले, ह्यात २००३ पासूनचे अहवाल आहेत, पुस्तिका काढायची आहे, तू कॉम्प्युटरला आहेस ना, बघ जरा उघडतायत का. फाईल उघडली, पण आत मराठी नव्हतंच. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, पानंच्या पानं.

काकांना वाटलं फाईल खराब झाली. खराब काही झाली नव्हती. तालुक्याच्या एका डीटीपी सेंटरमधे ते टाइप करून घेतलेलं, आणि त्या काळचे मराठी फॉन्ट असे असायचे की आत इंग्रजी अक्षरच साठायचं, फक्त स्क्रीनवर त्याच्या जागी मराठी अक्षराचं चित्र दिसायचं. म्हणजे तो फॉन्ट असेल तरच ते मराठी. आणि तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरसोबत यायचा ते चालायला कॉम्प्युटरच्या मागे एक लॉक लावावा लागायचा, तो लॉक असेल तरच प्रोग्राम सुरू. सेंटर बंद होऊन आठ वर्षं झाली, लॉक कुठे गेला कुणाला माहीत नाही. आता विचार करा, वर्गणी वाडीची, मजकूर वाडीचा, कुणाच्या आजोबांनी विहिरीसाठी किती दिवस श्रमदान केलं ते त्यात लिहिलेलं, आणि ते वाचायची चावी मात्र दुसऱ्याच कुणाच्यातरी ड्रॉवरमधे. ज्याला आपण आपली फाईल म्हणतो ती आपली नसते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. तीन वर्षं कॉम्प्युटर शिकतोय, पण हे कुठल्या लेक्चरला नाही कळलं.

आणि म्हणून हे लिहितोय. माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडच्या कॉलेजांनी, शाळांनी, पंचायतींनी ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा सोर्स कोड (आतला लिहिलेला प्रोग्राम) कुणालाही वाचता आणि बदलता येतो असं, सॉफ्टवेअर वापरायला पाहिजे, पण ते फुकट मिळतं ह्या कारणासाठी नाही. फुकट हे सगळ्यात कच्चं कारण आहे. मी स्वतः त्याच कारणानं सुरुवात केली होती त्यामुळे मला माहितीये.

फर्स्ट इयरला ओपन सोर्स म्हणजे माझ्यासाठी व्हीएलसी, बास. कुठलाही व्हिडिओ चालतो आणि पैसे पडत नाहीत. त्याच्या चिन्हातला तो नारिंगी शंकू कुठून आला हे कधी मनातही आलं नाही. खूप नंतर वाचलं की पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी १९९६ ला ते काम सुरू केलं होतं, कॉलेजच्या नेटवर्कवर व्हिडिओ बघता यावा म्हणून, आणि २००१ मधे त्याचा सोर्स सगळ्यांसाठी खुला केला. म्हणजे माझ्याच वयाची, हॉस्टेलवर राहणारी पोरं. तसंच लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमचं. १९९१ च्या ऑगस्टमधे हेलसिंकीत शिकणारा २१ वर्षांचा लिनस टोरवाल्ड्स सांगतो की मी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय, नुसता छंद म्हणून, काही मोठं नाही. आज आपल्या प्रत्येकाच्या अँड्रॉइड फोनच्या बुडाशी तोच लिनक्स कर्नल, म्हणजे त्या सिस्टिमचा गाभा, आहे, आणि जगातले सगळ्यात ताकदवान ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ च्या नोव्हेंबरपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. आमच्या पुस्तकात हे आहे, दोन मार्कांच्या प्रश्नात. पण तो विद्यार्थी होता ही गोष्ट त्यात नाही, आणि मला विचाराल तर तीच महत्त्वाची.

बाकी सगळं सॉफ्टवेअर मात्र क्रॅक, म्हणजे लायसन्स मोडून फुकट चालवलेलं. ह्याबद्दल कुणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलतो. एक सीनियर पेनड्राइव्ह देतो, अँटिव्हायरस बंद करायचा, क्रॅकची फाईल पेस्ट करायची, झालं. सेकंड इयरला सबमिशनच्या पाच दिवस आधी त्याच पेनड्राइव्हमधून काहीतरी आलं आणि आमच्या ग्रुपच्या सगळ्या फाईली लॉक झाल्या. तिघांचं दोन महिन्यांचं काम. सरांनी मुदत वाढवून दिली ते त्यांचे उपकार, पण माझ्या मैत्रिणीचं ड्रॉइंग पुन्हा नाही झालं तसं. तेव्हापासून मी क्रॅक सोडलं. नैतिकतेपेक्षा भीतीनं सोडलं हे खरं आहे. पण आता नैतिक बाजूही दिसते, आपण विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून चोरी करायला शिकवतो आणि ती चोरी आहे हेही सांगत नाही.

मग एका जुलैत पाऊस असा लागला की चार दिवस रेंज नाही, लाईट येऊनजाऊन. कोकणात राहणाऱ्याला हे सांगायला नको, आणि ज्यांनी ३ जून २०२० चं निसर्ग वादळ बघितलंय त्यांना तर चार दिवस म्हणजे काहीच नाही. माझ्याकडे तेव्हा एका सॉफ्टवेअरचं रीतसर स्टुडंट लायसन्स होतं, अगदी कायदेशीर, फुकट. चौथ्या दिवशी संध्याकाळी लाईट आली, लॅपटॉप सुरू केला तर ते म्हणे साइन इन करा. नेट नाही तर साइन इन कुठून करू? लॅपटॉप माझा, काम माझं, लाईट पण आहे, आणि उघडत नाही. शेजारच्या दादाच्या जुन्या मशीनवर लिनक्स होतं, त्यावर आकडेमोडीचं सायलॅब आणि लिहिण्या-हिशोबाचं लिब्रेऑफिस, दोन्ही ओपन सोर्स, निमूट उघडलं आणि मी असाइनमेंट तिथे पूर्ण केली. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की फुकट आणि मोकळं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही गोष्ट जरा नीट सांगायला हवी कारण इथेच सगळे गोंधळतात. फुकट म्हणजे कुणीतरी आज पैसे घेत नाही. उद्या घेईल, किंवा देणंच बंद करेल. २००५ मधे खुद्द लिनक्स बनवणाऱ्यांच्या बाबतीत हेच झालं, ते आपल्या कोडचा हिशोब ठेवायला एक कंपनीचं टूल वापरत होते, कंपनीनं ते त्यांना फुकट दिलेलं, आणि एक दिवस ती सवलत बंद झाली. मग टोरवाल्ड्सनं एप्रिलमधे स्वतः नवीन टूल लिहायला घेतलं, तेच गिट, जे आज आम्ही सगळे वापरतो. मोकळं म्हणजे वेगळं. मोकळं म्हणजे चालवता येतं, आत काय आहे ते वाचता येतं, बदलता येतं, आणि बदललेलं दुसऱ्याला देता येतं. रिचर्ड स्टॉलमन ह्या अमेरिकन प्रोग्रामरनं १९८३ मधे ग्नू हा मोकळ्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला त्याच्या मुळाशी हेच होतं, एमआयटी विद्यापीठातल्या त्याच्या लॅबचा प्रिंटर सारखा अडकायचा, त्याला त्यात सुधारणा करायची होती आणि सोर्स कोड द्यायला कुणी तयार होईना. एवढ्याशा गोष्टीवरून. १९८९ च्या जीपीएल लायसन्समधे तर त्यानं पुढची अटच घालून ठेवली की घे, बदल, विक सुद्धा, पण पुढे देताना झाकून ठेवायचं नाही.

आता पेनड्राइव्हकडे परत येतो.

त्या जुन्या फॉन्टमधलं युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी म्हणूनच साठणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आणायचं तर एक कन्व्हर्टर, म्हणजे बदलून देणारा प्रोग्राम, लागतो. मी तो पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायला बसलो आणि दोन दिवसांत हैराण झालो, कारण जुन्या फॉन्टात अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात. 'किती' मधली ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमधे उलटं, आधी क मग वेलांटी. रफार तर अजून पुढचा, दिसतो शेवटी पण युनिकोडमधे सुरुवातीला यावा लागतो. मग शोधता शोधता कळलं की त्याच फॉन्टसाठी कुणीतरी कन्व्हर्टर लिहून ठेवलाय, सोर्स खुला, जीपीएल. उतरवून घेतला, चालवला, आणि वीस वर्षांनी ते अहवाल मराठीत उघडले. मी आईला हाक मारून दाखवलं. पहिल्याच पानावर २००३ च्या पाखाडीच्या कामाला कुणी किती दिवस दिले त्याची यादी होती आणि त्यात माझ्या आजोबांचं नाव होतं, अकरा दिवस.

पण पुढे वाचायला लागलो तर सगळीकडे एक विचित्र शब्द. 'गावकयांनी ठराव मंजूर केला.' 'गावकयांच्या सहकार्याने.' सहकार्याने बरोबर, गावकऱ्यांनी चूक. थोडा वेळ लागला लक्षात यायला. ज्यानं कन्व्हर्टर लिहिला तो हिंदीवाला, आणि हिंदीत तो य च्या आधी आडवा लागणारा छोटा अर्धा र नसतोच. त्याच्या तक्त्यात, म्हणजे फॉन्टातल्या कुठल्या चित्राला कुठलं अक्षर ह्याच्या यादीत, ते चित्रच नव्हतं, म्हणून तो र गळून जात होता. गावकऱ्यांनी, शेतकऱ्यांना, नोकऱ्या, वाऱ्यामुळे, सगळीकडून.

मी घाईनं दुरुस्त केलं, त्याच्या जागी साधा रफार बसवला, आणि वाटलं झालं. मग पूजेच्या खर्चाच्या पानावर आलो तर 'आचार्यांना जेवणाचे ४५० रुपये'. आमच्या पूजेला आचार्य कुठून येणार, तो आचारी. आचाऱ्यांना पैसे दिलेले, मी रफार घालून त्यांना आचार्य करून ठेवलं. तसंच दर्या आणि दऱ्या. आपल्याकडे समोर दर्या आणि पाठीमागे सह्याद्रीच्या दऱ्या, ह्या दोन्हीत फरक फक्त त्या एका र चा आहे, आणि तो फरक मराठी माणसाशिवाय कुणाच्या डोळ्याला खुपणार नाही. त्यासाठी युनिकोडमधे ऱ हे वेगळं अक्षर आहे, त्याला हलन्त लावून पुढे य जोडायचा. मी परत बसलो, तक्त्यात ते चित्र घातलं, ज्याचा तो कन्व्हर्टर आहे त्या माणसाला पाठवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यानं घाईत हो म्हटलं नाही, विचारलं की हा बदल हिंदी मजकूर बिघडवणार नाही ना, दहा शब्द दे आधीचे आणि नंतरचे, आणि दोन वेगळे बदल एकत्र करू नकोस. मी दिले. परत एक चूक निघाली, परत दिले. आणि मग त्यानं तो घेतला. माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणात माझं कोड कुणी इतकं बारकाईनं वाचलेलं नव्हतं, खरंच सांगतो. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही होते ती पान उलटता उलटता होते.

ह्यात लायकी माझी नव्हती. ते कोड उघडं नसतं तर मी काय केलं असतं? कंपनीला मेल टाकला असता, आणि मराठीतल्या एका अर्ध्या र साठी, तेही बंद पडलेल्या फॉन्टमधल्या, कुठली कंपनी माणूस बसवेल? बसवूही नये कदाचित, तिचा धंदा आहे. पण म्हणूनच मराठीसारख्या भाषेला, कोकणासारख्या भागाला हे उघडं असणं जास्त गरजेचं आहे. ज्यांचं मार्केट मोठं त्यांचं कुणीतरी करून देतं, आपलं आपल्यालाच करावं लागणार आणि त्यासाठी आत हात घालता आला पाहिजे. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीत दिसतात ते कुणीतरी बसून एकेक ओळ मराठीत आणली म्हणून.

आता ह्या सगळ्याला दुसरी बाजू आहे आणि ती मी टाळणार नाही. माझ्या लहानपणी आमच्या वहाळावर साकव होता, पोफळीची खोडं आणि बांबू, काथ्यानं बांधलेला. दर वर्षी आगोटीच्या आधी तो नवीन बांधायला लागायचा. जायचे सगळे त्याच्यावरून, शाळेतली पोरं, दूधवाला, पोस्टमन, पण बांधायला तीच सहासात माणसं. त्यातली दोन म्हातारी झाली, एक मुंबईला गेला, आणि एका वर्षी पावसात तो मधूनच तुटला. कुणी पडलं नाही हे नशीब.

२०२४ च्या मार्चमधे सॉफ्टवेअरच्या जगात जवळजवळ हेच होणार होतं. एक्सझेड नावाची फाईली लहान करणारी छोटी लायब्ररी, म्हणजे दुसरे प्रोग्राम वापरतात असा तयार कोड, जगभरच्या लिनक्स मशीनवर असते, आणि ती कित्येक वर्षं लासे कोलिन नावाचा फिनलंडचा एकटा माणूस बिनपगारी सांभाळत होता. थकला होता तो. मग मदतीला म्हणून जिया टॅन नावानं कुणीतरी आलं, दोन वर्षं गोडीगुलाबीनं काम करून विश्वास मिळवला आणि मग गुपचूप चोरदरवाजा ठेवून दिला. पकडला कुणी, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरनं, का, तर त्याच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि त्याला चैन पडेना. लोक म्हणतात बघा, ओपन सोर्स सुरक्षित नाही. मी म्हणतो सोर्स उघडा होता म्हणून तर त्याला मुळापर्यंत जाता आलं, बंद असता तर अर्ध्या सेकंदाची तक्रार करून बसला असता. पण पहिला भाग खोटा ठरत नाही त्यानं. सगळे साकवावरून जातात आणि बांधायला माणूस नाही. म्हणून फुकट आहे तर घ्या असं म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे, ते अर्धंच सांगतात.

मग कॉलेजांनी काय करायचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जिल्ह्यातल्या कितीतरी लॅबमधली मशीन अशी आहेत की ज्यांवर पुढचं व्हर्जन चढत नाही. मशीन चांगली आहेत. नवीन घ्यायला पैसे नाहीत. म्हणजे निर्णय तसाही घ्यायचाच आहे, मग विचार करून घेऊया ना. केंद्र सरकारचं २०१५ चं धोरण सांगतं की सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्या, घेत नसाल तर का नाही ते लिहा. कागद आहे. शेजारी बघायचं तर केरळच्या सरकारी शाळांमधे कित्येक वर्षं लिनक्स चालतंय, मल्याळममधून, आणि तिथे शिक्षकांना शिकवण्यावर जोर दिला गेला. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल तर मराठीतून आहेत, लिब्रेऑफिस, पायथन, सायलॅब, साधारण दहादहा मिनिटांचे, नेट नसलं तरी पेनड्राइव्हवरून बघता येतात. आमच्या कॉलेजात ते कुणी लावलेले मी पाहिले नाहीत.

ह्यावर पहिला प्रश्न येतो प्लेसमेंटचा. कंपनीत एक्सेल विचारतात, तुझं लिब्रेऑफिस काय चाटायचंय? हा प्रश्न आमच्या बाबांनीच मला विचारला आणि तो चुकीचा नाही. ज्या घरात पोरगा पुण्यात नोकरीला लागणं हाच पाच वर्षांचा प्लॅन असतो तिथे हा प्रश्न पहिलाच येणार. पण ज्याला एका स्प्रेडशीटमधे फॉर्म्युला का चालतो ते कळलं त्याला दुसरी आठ दिवसांत येते. उलटं, ज्यानं फक्त कुठलं बटण कुठे आहे ते पाठ केलंय त्याचं पुढच्या व्हर्जनला बटण हललं की संपलं. आणि सर्व्हर, क्लाउड, मोबाईल, ह्यातलं बहुतेक सगळं लिनक्सवर चालतं, म्हणजे प्लेसमेंटच बघायची तरी लिनक्स न शिकवणं हा तोटा आहे. हा युक्तिवाद सगळ्याला लागू नाही हे मान्य करतो. सिव्हिलच्या मुलांना ठराविक ड्रॉइंग सॉफ्टवेअर यावंच लागतं, अकाउंटवाल्यांचं जीएसटीचं काम ठराविक प्रोग्रामवर चालतं, तिथे ते रीतसर विकत घ्या आणि शिकवा. जर्मनीतल्या म्युनिक शहरानं तर आपल्या कारभाराची हजारो मशीन लिनक्सवर नेली आणि २०१७ मधे परत फिरायचं ठरवलं, म्हणजे नुसत्या उत्साहावर हे टिकत नाही.

दुसरा प्रश्न, बिघडलं तर बघणार कोण. ह्याला माझं उत्तर आहे, आम्ही. तीस मशीनच्या लॅबमधे साठ पोरं कॉम्प्युटर शिकतायत आणि प्रिंटर बंद पडला की जिल्ह्याच्या ठिकाणाहून माणूस येईपर्यंत आठ दिवस थांबायचं, हे शिक्षण आहे का? बिघडलेलं मशीन उघडून बघणं ह्यापेक्षा चांगलं प्रॅक्टिकल कुठलं? फक्त त्याला मार्क द्या. एखाद्या मुलीनं एका प्रोग्राममधल्या दोनशे ओळी मराठीत आणल्या, एखाद्यानं एक चूक शोधून पाठवली, तर ते जर्नलमधे धरा, प्रोजेक्ट म्हणून धरा. आणि लायसन्सचे जे पैसे वाचतील त्यातला थोडा भाग, अगदी दहा टक्के, जे आपण वापरतो त्या प्रकल्पांना देणगी म्हणून जाऊ दे. नियमात बसत नसेल तर नियम बदला. साकवाला वाडीची वर्गणी लागते तशी.

पंचायती आणि मंडळांसाठी मागणी अजून छोटी आहे. मराठी लिहा ते युनिकोडमधे, आणि ठेवा ते ओडीएफसारख्या खुल्या फॉरमॅटमधे, जो २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि कुठल्याही एका कंपनीचा नाही. ह्याला एक रुपया लागत नाही. आमच्या मंडळानं पूजेनंतरच्या मिटिंगमधे तसा ठराव केला. एका मुंबईकर काकांनी विचारलं की उद्या हा पोरगा नोकरीला गेला की हे उघडणार कोण, आणि सेक्रेटरी काकांनी तिथल्या तिथे आपल्या फोनवर फाईल उघडून दाखवली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही चौघांनी प्राचार्यांना अर्ज दिलाय, एका लॅबमधली पाच मशीन आम्हाला लिनक्ससाठी द्या, आम्ही सांभाळतो. उत्तर यायचंय. दर शनिवारी दुपारी आम्ही तिथे बसतो, मंडळाच्या फाईली घेऊन. सध्या ऱ्ह वर अडकलोय, त्या फॉन्टात त्याला वेगळंच चित्र आहे, ते अजून तक्त्यात नाही, आणि वर्गणीच्या यादीत वाडीतली कऱ्हाडकरांची तीन घरं कहाडकर म्हणून येतायत. ती बरोबर आल्याशिवाय पुस्तिका छापायला द्यायची नाही असं काकांनी सांगून ठेवलंय.